‘हं’ म्हणायची सोय नाही

आमच्याकडं समोरचा बोलत असला की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हं’ म्हणायचं असतं. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. हुंकार मिळाला नाही तर सांगणारा तिथंच थांबतो आणि विचारतो, “ऐकतीस ना गं?” माझ्या थोरल्या जाऊबाईंना तर वाक्यावाक्याला हं लागायचं. मी भाकरी थापत असले आणि एखादं हं राहून गेलं, तर त्या गोष्ट अर्ध्यावर सोडून तोंड फिरवायच्या. “भिताडाशी बोलले आसते तर बरं झालं आस्तं,” म्हणायच्या. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली. मला ऐकवायची सवय, ऐकून घ्यायची नाही. तरी त्यांना हं द्यायला मी शिकले, कारण घरात शांतता हवी होती.

पुढं आमच्या वस्त्यांवर वायरलेसचे सेट आले आणि या हंनं आमची जी काही गत केली ती सांगायला बसले आहे. ती सगळी खटपट फुकट गेली, हे आधीच सांगून टाकते. शेवट गोड होईल या आशेनं कुणी वाचणार असेल तर त्यानं इथंच थांबावं, मला राग येणार नाही.

आमची वस्ती मिरजगावच्या पुढं, डांबरी सोडून आत, अगदी खोलगट जागी. चारी बाजूंनी माळ चढलेला आणि मध्ये आम्ही. दोन खोल्या, गोठा, विहीर. राहणाऱ्या आम्ही दोघी जावा. दोघींचे कारभारी आता नाहीत. जाऊबाईंचा मुलगा पुण्याला कंपनीत, माझी मुलगी नाशिकला दिलेली. फोनला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून, एका हातानं दांडा धरून, मी मुलीशी बोलायचे. ती म्हणायची, “आई, जेवलीस का?” आणि मी म्हणायचे, “पडू दे मला आधी खाली सुखरूप, मग जेवते.”

जाऊबाईंना टाकीवर चढणं आधीच जमत नव्हतं. मग त्या न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. नगरला नेऊन ऑपरेशन केलं, पण त्यानंतर त्या धड चालल्या नाहीत. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढाच त्यांचा प्रवास राहिला.

त्यांना मैत्रीण अशी एकच होती. दोघी एकाच माहेरच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या शिवारात आलेल्या. तिची वस्ती ओढ्यापलीकडं. संध्याकाळी धारा काढून झाल्या की दोघी ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून बोलायच्या, म्हणजे ओरडायच्या. कुणाच्या सुनेचं काय बिनसलं, कुणाची शेळी व्याली, हे सगळ्या शिवाराला त्यांच्याकडूनच कळायचं. या काठावरून ‘हां!’ गेलं की त्या काठावरून गोष्ट पुढं सरकायची. त्या काठावरून ‘बरं मंग?’ आलं की इकडची. खुबा मोडला आणि ते बंद पडलं. तिचेही गुडघे गेले होते. ओढा असा रुंद नाही, पोरं उडी मारून जातात. या दोघींना मात्र तो ओलांडता येईना.

जाऊबाई हळूहळू बोलायच्या थांबल्या. माझ्याशी बोलून बोलून किती बोलणार? आमच्या दोघींचं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणात जायचं. त्या दिवसचे दिवस आढ्याकडं बघत पडून राहायच्या आणि दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मला भीती वाटायला लागली. या बाईचा जीव बोलण्यात आहे, आणि बोलणंच नाही तर ही राहील कशावर, हा विचार मला रात्रंदिवस खायचा.

अशात नगरच्या एका संस्थेची मुलगी गावात आली. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात तिनं वस्त्यांवरच्या लोकांना गोळा केलं आणि पिशवीतून पिवळे-काळे सेट काढले. शहरात त्याला वॉकीटॉकी म्हणतात. आमच्याकडं पोलिसांच्या हातात पाहिलेला, म्हणून तो पहिल्या दिवसापासून वायरलेस. तिनं सांगितलं, हे कमी ताकदीचे सेट आहेत, यांना परवाना लागत नाही. टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही, मध्ये कुठली कंपनी नाही. एका सेटमधून निघालेला आवाज सरळ दुसऱ्या सेटमध्ये. मोकळ्या रानात शेजारच्या वस्त्यांपर्यंत जाईल, त्याच्या फार पुढं नाही. “हे विकेंद्रित माध्यम आहे,” ती म्हणाली. “याचा मालक कुणी नाही.”

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मालक न्हाई, मंग बिघाडलं तर कुनाच्या दारात बसायचं?”

सगळे हसले. तीही हसली. मीही तेव्हा हसणाऱ्यांत होते, कारण मला ती कल्पना मनापासून आवडली होती. कुणाच्या मेहरबानीशिवाय, आपलं आपण एकमेकांशी बोलायचं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि म्हणाले, आमच्या वस्तीला एक द्या आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला एक द्या, बाकी कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

शिकवणी सोपी होती. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानंच. तोंडापासून चार बोटं लांब धरायचं. आधी कुणाला हाक मारतोय ते सांगायचं, मग आपण कोण ते, आणि मग निरोप. माणसांची नावं घ्यायची नाहीत, म्हणून वस्तीच्या दारात जे झाड असेल ते त्या वस्तीचं नाव. आम्ही झालो चिंच. कुणी लिंब, कुणी बोर. ओढ्यापलीकडं बाभूळ होती. तिच्या मालकिणीला ते मुळीच आवडलं नाही. “मला काट्याचं झाड का म्हून? माज्या दारात आंबा बी हाय की,” तिनं भांडण काढलं. त्या आंब्याला अजून मोहरसुद्धा आला नव्हता, तरी शेवटी ती आंबा झाली.

पहिल्याच संध्याकाळी सगळा विचका झाला. कुणाचं बोलणं कुणाला कळेना. एक वाक्य नीट यायचं, मग खर्रर्र, मग अर्धा शब्द, मग पुन्हा खर्रर्र. ती मुलगी आमच्या ओट्यावर बसून सेट उलटासुलटा करून बघत होती. तिला वाटलं, बॅटरी कमी पडते. मग वाटलं, माळ आडवा येतो. मी मात्र जाऊबाईंच्या अंगठ्याकडं बघत होते. पलीकडून मैत्रीण बोलायची, “काल मी गेल्ते बाजाराला,” आणि इकडं जाऊबाईंचा अंगठा बटणावर जायचा, “हं.” पलीकडून, “तितं ती भेटली,” आणि इकडं अंगठा, “हं.” आता बटण दाबलं की आपला कान बंद. त्यामुळं हं म्हणताना जे काही बोललं जाईल ते गेलंच. आणि पलीकडच्या वस्त्यांवरच्या बायाही जीव तोडून हं देत होत्या. सगळ्या शिवारातले हुंकार एकमेकांवर आदळत होते आणि त्यात सांगणारीचं सांगणं चेंगरून जात होतं.

मी संस्थेच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली. तिच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं. ती म्हणाली, “मग त्यांना हं म्हणू नका म्हणून सांगा.”

हे सांगणं सोपं, पण करणं महाकठीण होतं. हं बंद केलं तर सांगणाऱ्या बाया बिचकायच्या. दोन वाक्यं बोलून थांबायच्या, “कुनी हाय का?” विचारायच्या, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा तेच विचारायच्या. आठवडाभर हे बघून माझ्यातली शाळा जागी झाली. मी रोज संध्याकाळी सेटवरून तास घ्यायला लागले. “मधे हं म्हणायचं नाही. समोरची बोलते म्हणजे बोलते, आपण ऐकतो म्हणजे ऐकतो. हं आलं नाही म्हणून थांबायचं नाही. ऐकणारी ऐकतीया असं धरून चालायचं.” जाऊबाईंचा अंगठा बटणाकडं गेला की मी हातावर चापट द्यायचे. “मास्तरीन हायस का जमादार?” त्या चिडायच्या. पण शिकल्या. सगळ्याच शिकल्या.

मग काही दिवस फार बरे गेले. ते दिवस आठवणं मला आता सोसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. संध्याकाळी दिवे लागले की एकेका वस्तीनं बोलायचं. लिंबाकडून कळायचं, दुधाचा टेम्पो उद्या उशिरा येणार. बोरीकडून, बिबट्याचे पाय ओढ्याच्या वाळूत दिसलेत, शेळ्या आत घ्या. ही हजेरी संपली की बाकीच्या बाया आपापल्या चुलीकडं जायच्या आणि चिंच आणि आंबा दोघीच उरायच्या. माहेरच्या विहिरीवरचा रहाट, तिथली आंधळी म्हैस, एका लग्नात कमी पडलेली बुंदी आणि त्यावरून झालेली मारामारी. तेच ते, रोज नव्यानं. एक बोलायची आणि दुसरी तोंड मिटून, डोळे मिटून ऐकायची. हं म्हणायची मुभा नसल्यामुळं की काय, जाऊबाई पूर्वी कधी ऐकायच्या नाहीत इतकं नीट ऐकायला लागल्या. सेट कानाला लावला की त्यांचा चेहरा तरणा दिसायचा. रात्री त्या पोटभर जेवायच्या. मी माझ्या मुलीला टाकीवरून सांगितलं, “आपल्या आक्का परत आल्या गं.”

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या गाड्या भरल्या. लिंब आणि बोर दोन्ही वस्त्या कारखान्यावर गेल्या. सेट पेटीत घालून कुलूप लावून गेल्या. माणसं परत आली तेव्हा बॅटऱ्या फुगून निकामी झाल्या होत्या. आणखी एका वस्तीवर नातवानं सेट पाण्याच्या टाकीत टाकला, पोहतो का बघायला. संस्थेच्या त्या मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, “काकू, प्रकल्प संपला, मी आता दुसरीकडं आहे, पण विचारते हं मी.” विचारलं असेल तिनं. तिचा राग आला नाही. देवळातल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न खोटा नव्हता, एवढं मात्र कळलं. मालक नसलेली वस्तू सगळ्यांची असते, आणि ती बिघडली की कुणाचीच नसते.

मी नगरला जाऊन बॅटऱ्यांची चौकशी केली. दुकानदारानं सेट बघून विचारलं, “मॅडम, हे कशाला वापरता? मोबाईल नाही का?” मी म्हणाले, रेंज नाही. तो म्हणाला, येईल की. आणि खरंच आली. ज्या टॉवरवाचून आमचं अडू नये म्हणून ही सगळी खटपट होती, तो टॉवर आमच्याच माळावर येऊन उभा राहिला. तरण्या पोरांनी लगेच वस्त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात बिबट्याचे फोटो येतात, ते कुठल्या जिल्ह्यातले असतात देव जाणे, आणि सकाळी फुलं येतात. मी दोनदा लिहिलं की संध्याकाळी थोडा वेळ सेट लावत जा, म्हाताऱ्या वाट बघतात. त्यावर अंगठे आले. एकानंही सेट लावला नाही.

शेवटी दोनच सेट उरले, आमचा आणि ओढ्यापलीकडचा. त्यातही एक बदल झाला होता. मैत्रिणीचे कान जात चालले होते. सेटचा आवाज पूर्ण मोठा केला तरी तिला तुकडे-तुकडेच ऐकू यायचे. म्हणून तिनं सरळ नुसतं बोलायला सुरुवात केली. संध्याकाळी बटण दाबायची आणि मन भरेपर्यंत बोलायची. जाऊबाई ऐकायच्या. “तिला ऐकू येत न्हाई, मंग मी बोलून काय करू? ती बोलतीया, मी ऐकते. काय बिघाडलं?” त्या म्हणायच्या. काही बिघडलं नव्हतं हे खरं. बोलणारीचं बोलणं कुठंतरी पोचत होतं.

मग मैत्रिणीचा मुलगा आला. माझ्याच वर्गात होता तो, चौथीपर्यंत. आता नगरला नोकरी आणि केडगावला फ्लॅट. मला म्हणाला, “बाई, आईला घेऊन चाललोय. ती आता गॅस चालू ठेवून विसरते. एकटीला कशी ठेवू?” त्याचं चुकीचं काही नव्हतं. मी त्याला म्हणाले, जायच्या आधी दोघींची गाठ घालून दे. त्यानं कबूल केलं. पण निघायच्या दिवशी ओढ्याला पाणी होतं आणि वळसा घालून यायला त्याच्याजवळ वेळ नव्हता. त्या दोघींची भेट सेटवरच झाली. गाडीत बसल्या बसल्या ती बोलत होती. गाडी माळ चढायला लागली तसा आवाज उलट जास्त स्वच्छ यायला लागला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. “बया, म्या वायरलेस संगं घेतलाय. तू काय काळजी करू नगंस. म्या रोज बोलनार हाय.” माळाच्या माथ्यावरून गाडी पलीकडं उतरली आणि आवाज मध्येच तुटला. जाऊबाई सेट कानाला लावून बराच वेळ तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि त्यांनी सेट चालू करून कानाला लावला. मी समजावलं, “आक्का, केडगाव कुठं आणि आपण कुठं. एवढ्या लांबून या डबड्यात काही येत नाही.”

“ती म्हनली न्हवं, रोज बोलनार म्हून.”

“ती बोलेल हो. पण इथं पोचणार नाही.”

“गप. ऐकू दे.”

सेटमधून फक्त सूऽऽ असा आवाज येत होता. त्या तो ऐकत बसल्या. तिसऱ्या दिवशी तेच आणि चौथ्या दिवशी तेच. मला वाटलं, चार दिवसांनी कंटाळतील. पण त्या कंटाळल्या नाहीत. हजेरीच्या वेळेला मला चहा करतानाही त्या हातानं थांबवायच्या, भांड्याचा आवाज नको म्हणून. मी दाराशी उभी राहून बघायचे. रिकामा सेट कानाला धरून, डोळे मिटून बसलेली ती बाई बघून मला ओरडावंसं वाटायचं. कुणावर ओरडायचं ते मात्र कळायचं नाही.

आता घरात रेंज होती. मी म्हणाले, टॉवर आलाच आहे तर निदान तो तरी कामी येऊ दे. मैत्रिणीच्या मुलाला फोन लावला. तिकडं त्यानं आवाज पूर्ण वाढवून फोन आईच्या कानाशी धरला आणि इकडं मी जाऊबाईंच्या कानाशी धरला. मैत्रीण बोलायला लागली, “बया, इतं लई उंचावर हाय घर. खाली बघितलं की फिरतं. आन् पानी नळाला येतं पन चव न्हाई त्येला.” जाऊबाई डोळे मिटून, तोंड मिटून ऐकत होत्या. तिकडं ती थांबली. जरा वेळानं म्हणाली, “हॅलो? कोन हाय का?” जाऊबाई गप्पच.

“अहो आक्का, हं म्हणा ना!” मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोनवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाल्या, “ती बोलतीया की. मधी कशी बोलू?”

तेवढ्यात तिकडून ऐकू आलं, “घे रं बाबा तुजा फोन. त्यात कुनी न्हाई.”

मी पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. मी जाऊबाईंना समजावलं की आक्का, हा फोन आहे, वायरलेस नाही, यात हं म्हणलं तरी चालतं, म्हणायलाच पाहिजे. त्या मान हलवायच्या. पण समोरचा आवाज कानात शिरला की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे आणि सगळं अंग ऐकायला लागायचं. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढायचे, तेव्हा त्या एखादं हं म्हणायच्या, पण ते इतकं उशिरा आणि इतकं हळू की बहिऱ्या कानाला त्याचा काय उपयोग? तीन-चार वेळा झाल्यावर मैत्रीण फोन हातात घेईना. मुलगा म्हणायचा, “बाई, ती फोन ढकलून देते. म्हणते, त्यात कुणी नसतं.”

जन्मभराची सवय आम्ही थोड्याच दिवसांत मोडून टाकली होती. ती परत लावून द्यायला गेले तर लागेना. मुलं पाढे विसरली तर मी पुन्हा घोकून घेतले असते. हे कसं घोकून घ्यायचं ते मला सुचलं नाही. मी त्या रात्री जेवले नाही, आणि जाऊबाईंनी विचारलं नाही.

पावसाळा गेला, हिवाळा आला. जाऊबाई रोज सेट लावत राहिल्या, पण त्यांचं जेवण पुन्हा कमी झालं. दिवसभर त्या माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. भांडायच्याही नाहीत. मला त्यांचं भांडण हवं होतं, निदान भिंतीशी बोलण्याची धमकी तरी. एकदा मीच मुद्दाम कळ काढली, भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी ती तशीच खाल्ली.

मैत्रीण गेल्याचा फोन सकाळी आला. झोपेतच गेली. मी जाऊबाईंच्या पायाशी बसून सांगितलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि तसाच ठेवला. त्या संध्याकाळी सेट चार्जिंगलाही लावला नाही आणि कानालाही लावला नाही.

दहावं गावातच, ओढ्याच्या काठी केलं. सगळं आटोपल्यावर मुलगा आमच्याकडं आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यानं पिशवीतून तिचा सेट काढून माझ्यापुढं ठेवला. “बाई, हे तुमच्याकडंच असू द्या. आमच्याकडं याचं काय करायचं?” मी विचारलं, चालू होता का रे हा? तो म्हणाला, “चालू? अहो, एक दिवस चुकली नाही ती. दिवे लागले की गॅलरीत बसायची आणि बटण दाबून बोलत राहायची. अगदी आदल्या दिवसापर्यंत. मी म्हणायचो, आई, हे इथून पोचत नाही, कुणी ऐकत नाही. तर मला रागवायची. म्हणायची, ‘ती ऐकतीया. हं म्हनायचं न्हाई आसा नेम हाय आमचा, म्हून गप बसलीय.’”

मी उठून चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाणार होते, तेवढ्यात जाऊबाई खाटेवर कोपरावर उठून बसल्या. कित्येक महिन्यांत त्या अशा उठल्या नव्हत्या.

“काय बोलायची रं?” त्यांनी विचारलं.

“काय मावशी?”

“ती रोज बोलायची म्हंतोस. मला काय सांगायची?”

तो गोंधळला. “असंच हो मावशी. तुमच्या माहेरचं वगैरे असेल.”

“माह्यारचं काय?”

“आता ते…” तो माझ्याकडं बघायला लागला, शाळेत उत्तर येत नसलं की बघायचा तसा. “आम्ही दार ओढून घ्यायचो मावशी. शेजारचे तक्रार करायचे, आवाज मोठा असायचा तिचा. आत टीव्ही चालू असायचा, पोरांचा अभ्यास.”

“बरं, समदं न्हाई. येक तरी आठव. कालपरवाचं. शेवटच्या दिशीचं.”

त्यानं खाली बघितलं. खरंच आठवत होता तो, कपाळावर आठ्या घालून, जीव लावून. जाऊबाई वाट बघत होत्या. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“न्हाई ऐकलं मावशी,” तो म्हणाला. “कुनीच न्हाई ऐकलं.”